माती आधी तपासा, मग खत आणा (इंदूरच्या काळ्या मातीवाल्यांसाठी)

दर वर्षी जून लागला की मला दोन प्रकारचे फोन येतात. एक असतो तो नवीन बंगला बांधलेल्यांचा, "पुढे दहा बाय वीसची जागा सोडलीये, गुलाब आणि जास्वंद लावायचंय, कोणतं खत टाकू?" आणि दुसरा सांवेर किंवा देपालपूरकडे वडिलोपार्जित जमीन असलेल्यांचा, जी आजवर बटाईने दिलेली होती आणि आता मुलगा किंवा जावई म्हणतो की आपण स्वतः करू, तर डीएपीची (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) किती पोती आणायची. दोघांनाही मी एकच विचारतो, माती बघितली का? मग तिकडून थोडी शांतता, आणि मग "माती काय बघायची, काळी आहे की, मालव्याची!"

तर हा लेख त्या शांततेसाठी आहे. मी काही कृषी शास्त्रज्ञ नाही, राजेंद्रनगरात घरामागे बाग आहे आणि चुलत भावाबरोबर देपालपूरच्या बाजूला थोडी शेती आहे, त्यात बरेच पैसे आणि काही रोपं घालवून जे कळलं ते लिहितोय.

आधी ही काळी माती म्हणजे काय ते समजून घ्या

आपली माती बेसाल्ट खडक झिजून झालेली, चिकण भरपूर. ही चिकण पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते, म्हणून मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैमध्ये त्याच शेतात चप्पल अडकते. मालव्याबद्दल "डग डग रोटी, पग पग नीर" म्हणतात ते उगाच नाही, ही माती पाणी धरून ठेवते म्हणून तर पूर्वी पावसाच्या ओलीवरच गहू-हरभरा निघायचा. पण जो गुण तोच दोष. पाणी धरते म्हणजे मुळांना हवा कमी मिळते.

दुसरं म्हणजे हिच्यात चुनखडी असते, त्यामुळे पीएच (आम्लपणाचं माप, सातच्या खाली आम्ल, वर अल्क) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठच्या मधे. पोटॅश बहुधा चांगलं असतं. नत्र (नायट्रोजन) आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाला-शेणातून मातीत आलेला कार्बन) बहुधा कमी, आणि सल्फर व झिंकची कमतरता पुष्कळ शेतांत निघते. "बहुधा" हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण तुमच्या तुकड्यात नेमकं काय आहे ते तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, शेजारी पण नाही, खतवाला तर नाहीच.

शहरातल्या प्लॉटचं वेगळंच असतं. नव्या कॉलनीत वरची माती काळी दिसते पण अर्धा फूट खणलं की मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा मलबा. माझ्या एका ओळखीच्या वहिनींच्या बागेत जास्वंद पिवळी पडत होती, खतं घालून घालून थकल्या, शेवटी खणलं तर खाली प्लास्टरचा मलबा पुरलेला. सिमेंट म्हणजे चुनाच की, आधीच चुनखडीची जमीन आणि त्यात वरून तो!

घरच्या घरी करायच्या तपासण्या

लॅबला जायच्या आधी हे करून बघा, खर्च जवळपास शून्य.

एक, ओलसर मातीचा लिंबाएवढा गोळा घ्या आणि अंगठा व बोटाच्या मधून चपटी पट्टी काढत जा. पट्टी न तुटता दोन इंचांच्या वर गेली तर भारी चिकण माती. इंचभरात तुटली तर हलकी, पोयट्याची किंवा मुरमाड.

दोन, सुकलेल्या मातीचं सुपारीएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासात पाणी घेऊन हळूच सोडा आणि हात लावू नका. पाणी पावसाचं किंवा आरओचं घ्या, बोअरिंगच्या पाण्यात क्षार असतात त्याने परीक्षा बिघडते. ढेकूळ तसंच टिकून राहिलं तर छान. पटकन विरघळून ढिगारा झाला पण पाणी स्वच्छ आहे, तर सेंद्रिय पदार्थ कमी आहेत. आणि ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं आणि तासन्तास बसलंच नाही, तर मातीत सोडियम जास्त असल्याची शंका घ्या आणि लॅबमध्ये ते जरूर सांगा. मला स्वतःला ही परीक्षा सगळ्यात आवडते कारण पाच मिनिटांत खूप काही कळतं आणि नातवंडांना पण मजा येते.

तीन, मातीवर थोडं पांढरं व्हिनेगर टाका. सूं करून फेस आला तर मोकळा चुना आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा येतोच. मग इंटरनेटवर कुठे "बागेत चुना घाला" असं वाचलं तर ते आपल्यासाठी नाही, ते आम्लधर्मी जमिनीसाठी, कोकणात वगैरे. मी पहिल्या वर्षी हे वाचून गुलाबांना चुना घातला होता, त्यावर जास्त बोलत नाही.

चार, पाणी मुरण्याची परीक्षा. फूटभर खोल आणि फूटभर रुंद खड्डा, रात्री पाण्याने भरून जिरू द्या, सकाळी परत भरा आणि पट्टी लावून बघा तासात किती उतरलं. एक इंचाच्या खाली असेल तर निचरा मंद आहे, झाडं लावायची असतील तर जागा उंच करावी लागेल. फक्त हे मे महिन्यात करू नका, तेव्हा पाणी भेगांतून धडाधड खाली जातं आणि तुम्ही खूष होता की वा काय निचरा आहे, मग जुलैमध्ये तिथेच तळं. पहिले दोन-तीन पाऊस होऊन माती फुगली की मग करा.

बाजारात ते दोन काड्यांचे मीटर मिळतात, मातीत खुपसले की पीएच दाखवणारे, ते घेऊ नका. माझ्याकडच्याने गुलाबाच्या वाफ्यात, लॉनमध्ये आणि ताकाच्या पेल्यात एकच आकडा दाखवला होता.

नमुना घेणं, इथेच सगळे चुकतात

लॅब कितीही चांगली असो, तिच्याकडे जाते ती तुमची अर्धा किलो माती. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात साधारण २० लाख किलो माती असते, तेवढ्याचा निकाल त्या अर्ध्या किलोवरून लागणार. म्हणून नमुना नीट घ्या, बाकीचं सगळं नंतर.

वेळ म्हणाल तर गहू-हरभरा निघाल्यावर, एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य. जूनमध्ये लॅबकडे गर्दी होते आणि रिपोर्ट येईपर्यंत पेरणी होऊन जाते, मग त्याचा काय उपयोग. नुकतंच खत टाकलेल्या किंवा ओल्या शेतातून घेऊ नका.

शेतात आधी नुसता एक फेरफटका मारा. जिथे रंग वेगळा, उतार वेगळा, दरवर्षी पीक पिवळं पडतं असा तुकडा वेगळा, त्या प्रत्येकाचा नमुना वेगळा घ्यायचा. आमच्या शेतात वरचा भाग मुरमाड आणि नाल्याकडचा भाग खोल काळा आहे, पहिल्या वेळी दोन्ही एकत्र मिसळून दिले आणि जो रिपोर्ट आला तो कुठल्याच भागाचा नव्हता.

मग नागमोडी चालत दहा-पंधरा जागा निवडा. बांध, पाण्याची चारी, झाडाखालची सावली, खताचा उकिरडा जिथे होता ती जागा, गुरं बसतात ती जागा, हे सगळं सोडून. प्रत्येक जागी वरचा काडीकचरा हाताने बाजूला करा (माती खरवडू नका), इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ सेंटीमीटर खोल खड्डा करा, त्यातली माती बाहेर टाका, आणि मग खड्ड्याच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीचा सारखा पापुद्रा काढा. तोच नमुना. भेगेत हात घालून माती काढायची नाही, भेगेत वरची माती पडलेली असते. फळबाग लावायची असेल, पेरू, लिंबू वगैरे, तर ३०, ६० आणि ९० सेंटीमीटरपर्यंतचे थर वेगवेगळे घ्या, कारण खाली चुनखडीचा थर असला तर झाड पहिली तीन वर्षं मस्त वाढतं आणि मग रुसतं.

सगळी माती स्वच्छ कापडावर एकत्र करा, ढेकळं फोडा, गोल पसरा, बोटाने अधिकचं चिन्ह काढून चार वाटे करा, समोरासमोरचे दोन फेकून द्या, उरलेलं परत मिसळा, परत चार वाटे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत सुकवा, उन्हात नाही. झिंक-लोह तपासायचं असेल तर गंजलेली खुरपी किंवा जस्ताची बादली वापरू नका, स्टीलची किंवा लाकडाची वस्तू घ्या, आणि प्लास्टिकचा टब चालतो. खताच्या रिकाम्या पोत्यावर माती पसरणं तर अजिबात नको, हे सांगायची गरज नसावी पण आमच्याच भावाने युरियाच्या पोत्यावर पसरली होती आणि नंतर "नत्र भरपूर आहे आपल्याकडे" म्हणून दोन दिवस खूष होता.

पिशवीत चिठ्ठी एक आत, एक बाहेर. नाव, गाव, खसरा (जमिनीचा सर्व्हे) नंबर, तारीख, खोली, सिंचन आहे की नाही, आधीचं पीक, पुढचं पीक. जमीन बोलण्यात बीघ्यात आणि खात्यात हेक्टरमध्ये असते, लॅबला हेक्टरच सांगा, बीघा गावागणिक बदलतो.

बागेसाठी हेच लहान प्रमाणात, पाच-सहा जागा पुरतात.

कुठे द्यायचं

कृषी विभागाची माती परीक्षण प्रयोगशाळा आहे, कस्तुरबाग्रामला कृषी विज्ञान केंद्र आहे, कृषी महाविद्यालयात पण विचारू शकता, आणि शेतकऱ्यांसाठी गावातल्या कृषी विस्तार अधिकाऱ्यामार्फत नमुना जातो. केंद्र सरकारची सॉइल हेल्थ कार्ड योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली, त्या कार्डावर १२ गोष्टी असतात: पीएच, ईसी (क्षारांचं माप), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पोटॅश, सल्फर, झिंक, लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन. एक गोष्ट लक्षात ठेवा, योजनेत नमुने ग्रिड पाडून घेतात, सिंचित भागात अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक, म्हणजे तुमच्या नावाचं कार्ड आलं तरी माती शेजारच्या शेतातली असू शकते. एकदा असं कार्ड आलं होतं आमच्याकडे, त्यात आमच्या दोन्ही तुकड्यांचे आकडे दशांशापर्यंत सारखे. तेव्हापासून नमुना स्वतः घेऊन स्वतः पोचवतो.

रिपोर्ट कसा वाचायचा

पीएच साडेसहा ते साडेसात म्हणजे उत्तम, आपल्याकडे आठपर्यंत असलं तरी घाबरायचं कारण नाही, गहू-सोयाबीन-हरभरा त्यातच पिढ्यान्पिढ्या होतंय. साडेआठच्या वर गेलं तर सोडियमची तपासणी करून घ्या. ईसी म्हणजे क्षार, एकच्या खाली असेल तर ठीक.

सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम, त्याच्या वर चांगला. माझं मत विचाराल तर सगळ्या कार्डात आधी हाच आकडा बघा. नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली कमी. स्फुरद १० च्या खाली कमी, २५ च्या वर भरपूर. सल्फर १० पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग) खाली, झिंक ०.६ च्या खाली, लोह ४.५ च्या खाली आणि बोरॉन ०.५ च्या खाली असेल तर कमतरता धरा.

ढोबळ नियम असा की जे कमी निघालं त्याची शिफारशीची मात्रा पाव पटीने वाढवायची आणि जे जास्त निघालं त्याची पाव पटीने कमी करायची. म्हणजे पैसे वाचतात ते इथे.

आता एक हिशोब करून दाखवतो कारण दुकानात हाच घोळ होतो. समजा सोयाबीनला हेक्टरी ६० किलो स्फुरद द्यायचंय आणि रिपोर्टमध्ये सल्फर कमी आहे. डीएपीत ४६ टक्के स्फुरद, म्हणजे १३० किलो लागेल, त्यात सल्फर मिळणार शून्य. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद, म्हणजे ३७५ किलो, साडेसात पोती, पण त्यात ११ टक्के सल्फर असतो, म्हणजे ४१ किलो सल्फर आपोआप आला. पोती जास्त उचलावी लागतात म्हणून लोक टाळतात, आणि डीएपीच्या लाईनीत उभे राहतात. फक्त सुपरमध्ये नत्र नसतं, डीएपीत १८ टक्के असतं, तर सुरुवातीचं थोडं नत्र वेगळं द्यावं लागेल.

झिंक कमी असेल तर झिंक सल्फेट हेक्टरी २५ किलो, दर वर्षी नाही, दोन-तीन वर्षांतून एकदा, आणि ते डीएपी किंवा सुपरमध्ये मिसळून टाकू नका, दोघं एकमेकांना धरून बसतात आणि झाडाला काहीच मिळत नाही.

सुधारणा: आधी हवा-पाणी, मग खत

वापसा हा शब्द नव्या लोकांनी पहिल्या दिवशीच शिकावा. मूठभर माती दाबा, सोडल्यावर गोळा झाला आणि टिचकी मारली की फुटला, तर वापसा आहे, काम करा. गोळा फुटतच नाही आणि हाताला चिकटतो, तर कुदळ भिंतीला टेकवून चहा प्या. ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर घातला किंवा बागेत नुसतं चालत राहिलात तरी तिची वीट होते, आणि ती वीट अख्खा हंगाम तशीच राहते.

बागेत चिकण मातीत वाळू घालण्याचा मोह होतो. थोडी वाळू घालाल तर चिकण आणि वाळू मिळून आणखी घट्ट होतं, फरक पडायला जवळपास अर्धी वाळू लागते आणि तेवढ्यात तर दुसरी माती येईल. त्यापेक्षा वाफे आठ-दहा इंच उंच करा आणि कंपोस्ट मिसळा. शेतात हीच गोष्ट म्हणजे रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरणं, जास्त पाऊस झाला तर सरीतून पाणी निघून जातं आणि पाऊस ओढला तर त्याच सरीत ओल राहते.

कुंडीत निव्वळ काळी माती भरू नका. सुकली की कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून थेट खाली, झाड तहानलेलं आणि ताटली भरलेली. एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट किंवा जाडी वाळू. आणि आरओचं फेकायचं पाणी कुंड्यांना घालून पाणी वाचवल्याचं समाधान मिळवू नका, त्यात क्षार साठलेले असतात.

जास्वंद, लिंबू, गुलाब यांची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. मातीत लोह असतं पण चुनखडीमुळे मिळत नाही, म्हणून जमिनीत हिराकस (म्हणजेच फेरस सल्फेट) ओतून फायदा कमी. लिटरमागे ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी परत.

जिप्समबद्दल सगळे विचारतात. सोडियम जास्त निघालं तरच, आणि निचरा असेल तरच, नाहीतर सोडियम जाणार कुठे. नुसती माती कडक आहे म्हणून जिप्सम नाही.

आणि कंपोस्ट, जे आपल्याच गावचं आहे

हे सांगताना मला जरा अभिमान वाटतो. जगभर कंपोस्टच्या ज्या पद्धतीला इंदूर पद्धत म्हणतात ती इथलीच, १९२४ ते १९३१ मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, जिथे आता कृषी महाविद्यालय आहे, आणि १९३१ साली त्यांनी आपले सहकारी यशवंत वाड यांच्याबरोबर या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. इंदूरकर मराठी माणसांना पोह्यांचा इतिहास तोंडपाठ असतो पण वाडांचं नाव क्वचितच कोणाला माहीत.

पद्धत सोपी: पालापाचोळा आणि काडीकचऱ्याचा अर्ध्या फुटाचा थर, त्यावर शेणाचा पातळ थर, त्यावर गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती आणि चिमूटभर राख, पाणी शिंपडून परत तेच, तीन फुटांपर्यंत. पंधरा दिवसांनी उलटायचं, परत पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. साधारण तीन महिन्यांत तयार. पिळलेल्या फडक्याएवढी ओल हवी, पाणी टपकलं तर वास येणार. गोठा नसेल तर शेण विकत आणा, आणि राख आपल्याकडे खरंच थोडीच, ती पण पीएच वाढवते.

कच्चं शेण शेतात टाकू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि तणाचं बी येतं. कुजलेलं शेणखत हेक्टरी पाच ते दहा टन, पावसाच्या आधी. एवढं मिळत नसेल (कोणालाच मिळत नाही) तर दर वर्षी एका तुकड्याला द्या, फिरवत फिरवत. पाण्याची सोय असेल तर ताग किंवा धैंचा (हिरवळीच्या खताची पिकं) पेरून ४०-४५ दिवसांनी, फुलं यायच्या सुमारास गाडा.

आणि गव्हाची नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेली धांडं) जाळू नका. दंड होतो तो वेगळा, पण जो कर्ब वाढवायला तुम्ही ट्रॉलीमागे पैसे मोजता तोच धूर होऊन जातो. आमच्या गावात एकाला हे सांगितलं तर म्हणाला, "भिया, सगळेच जाळतात, मी एकट्याने काय करू?" त्याच्या शेतातलं ढेकूळ ग्लासात टाकून बघितलं, अर्ध्या मिनिटात चिखल. आमचं तीन वर्षं न जाळलेल्या तुकड्यातलं ढेकूळ त्याच्या शेजारीच दुसऱ्या ग्लासात होतं, ते बराच वेळ तसंच होतं. तो काही बोलला नाही, पण यंदा रोटाव्हेटर मागायला आला.

कर्ब हळू वाढतो, आपल्या उन्हात जळतो पण लवकर. आमचा ०.४१ वरून ०.५३ व्हायला पाच वर्षं लागली. म्हणून दर वर्षी तपासू नका, दोन-तीन वर्षांनी तपासा, पण त्याच महिन्यात, त्याच तुकड्यातून, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये, नाहीतर आकडे जुळवता येत नाहीत. जुने रिपोर्ट एका फाईलमध्ये ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेले नंतर लग्नाच्या फोटोंमध्ये सापडत नाहीत.